टोक असलेला शंख

आज शेवटी होलोटाइप ठरवला, म्हणजे नव्या प्रजातीचं नाव ज्याच्याशी बांधलं जातं तो एक नमुना. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप येत नाहीये म्हणून लिहून ठेवतेय.

गेली दोन वर्षं मी कच्छमधल्या छसरा फॉर्मेशन नावाच्या खडकांतल्या जीवाश्म शंखांवर काम करतेय. मायोसीनच्या सुरुवातीचे, म्हणजे ढोबळ मानाने दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे उथळ समुद्र होता, आता गांडो बावळची काटेरी झुडपं आणि मधेच शेळ्या. टरिटेला नावाचा लांब निमुळता, स्क्रूसारखा शंख तिथे इतका सापडतो की चालताना पायाखाली येतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं यात नवीन काय असणार. मलाही तसंच वाटायचं. पण एका नाल्याच्या काठावर असे काही निघाले की ज्यांच्या वेढ्यांवरचे कंगोरे कुठल्याच जुन्या वर्णनात बसेनात, खालचा कंगोरा जास्त उठलेला आणि दोन वेढ्यांमधली शिवण एकदम खोल.

मग सुरू झाली खरी परीक्षा, कारण "नवीन आहे" म्हणायचं तर आधी जुनं सगळं बघावं लागतं. कॅप्टन ग्रँटने कच्छमधून जमवलेले जीवाश्म लंडनला गेले, त्यांचं वर्णन सॉवर्बीने १८४० मध्ये केलं, टरिटेला अँग्युलाटा हे नाव तिथलंच. नंतर पॅरिसमध्ये दार्शियाक आणि एम यांचा १८५३-५४ चा ग्रंथ, मग व्रेडेनबर्गची जिऑलॉजिकल सर्व्हेची मेम्वार, म्हणजे अभ्यासग्रंथ, जी ते गेल्यावर १९२५ आणि १९२८ मध्ये छापून आली. जुन्या वर्णनांत दोन-तीन ओळी आणि एक चित्र असतं, चित्र सुंदर पण चित्रकाराने तुटका भाग मनाने पुरा केलाय की खरंच तसा होता ते त्यावरून कळत नाही. म्हणून मूळ नमुन्यांचे फोटो मिळवून प्रत्येक वेढा मोजत बसले. यात चार महिने गेले आणि ते गेले याचं मला जराही वाईट वाटत नाही. घाईघाईत दिलेली नावं पुढच्या माणसाला वर्षानुवर्षं निस्तरत बसावी लागतात, एकाच शंखाला तीन-तीन नावं, त्यात माझी भर नको होती.

आता टोकाबद्दल. शंख टोकापासून वाढत जातो, त्यामुळे त्याचं बालपण टोकाला असतं आणि ते शेवटपर्यंत तिथेच राहतं. टरिटेलात तीन मुख्य कंगोरे धरतात, ए, बी आणि सी, आणि त्यातला कुठला आधी उगवतो त्या क्रमावरून जवळची मंडळी वेगळी करता येतात. शिवाय अगदी टोकाचा इवलासा भाग, प्रोटोकाँच, त्याचे वेढे बारीक आणि बरेच असतील तर पिल्लू पाण्यात तरंगत, खात वाढलं, आणि फुगीर, मोजकेच असतील तर नाही. नेमकं हेच टोक सगळ्यात आधी मोडतं. माझ्याकडे ४३ शंख, त्यात टोक शाबूत असलेले दोन. त्यातल्या एकाचं डिसेंबरमध्ये माती काढताना सुई जरा जोरात लागली आणि टोक उडालं. टेबलाखाली टॉर्च घेऊन तासभर शोधलं, नाही मिळालं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून आज ठरवणं अवघड गेलं. एक नमुना आहे, आठ सेंटिमीटरचा, तोंडाची कडा पूर्ण, इतका देखणा की कुणालाही दाखवावासा वाटेल, पण टोक नाही. आणि दुसरा हा, जेमतेम तीन सेंटिमीटर, तोंड फुटलेलं, पण टोक आहे. होलोटाइप एकच असतो आणि पुढे कधीही वाद झाला तर नाव त्याच्याशीच बांधलेलं राहतं, त्यामुळे छोटाच घेतला. देखणा पॅराटाइप, म्हणजे सोबतचा नमुना.

दुपारी त्याला प्लॅस्टिसीनवर उभं केलं, अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर दिला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर कंगोरे असे उठून दिसले की मी श्वास रोखूनच मोजले. बी आधी, मग सी, ए खूप उशिरा. तीनदा मोजलं, तेच आलं.

धुरामुळे अजून एक गोष्ट नीट दिसली. पाचव्या वेढ्यावर गोल भोक, बाहेरून रुंद, आत अरुंद होत गेलेलं, वाटीसारख्या कडेचं. म्हणजे नॅटिसिड, शिकारी शंख, कवचाला भोक पाडून आतला जीव खातो. वर्णनाच्या ठरलेल्या साच्यात याला जागा नाही, आकार, कंगोरे, शिवण, तोंड, मापं एवढंच, पण मी शेराच्या परिच्छेदात एक वाक्य घातलंय आणि गाइडनी ते काढायला सांगितलं तर मी वाद घालणार आहे.

नाव ठरलंय. टरिटेला लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, त्यामुळे प्रजातीचं नाव विशेषण असेल तर त्याचा शेवट तसाच जुळवावा लागतो, तो जुळतो. पेपर छापून येईपर्यंत इथे लिहीत नाही.

शंख पुन्हा कापसात ठेवला, टोक वर करून, डबीवर लाल टिकली लावली.