आमची वाटचाल : बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपासून लिनक्सच्या कर्नलपर्यंत

आमचा धंदा एका ओळीत सांगायचा तर कोल्ड स्टोरेजला टेम्परेचरचं पॅनेल बनवून देणं. तासगाव, कुपवाड, मिरज, कवठेमहांकाळ या सांगली जिल्ह्यातल्या पट्ट्यात बेदाण्याची आणि हळदीची किती कोल्ड स्टोरेज आहेत हे इकडच्या माणसाला सांगायला नको, आणि बेदाण्याच्या चेंबरमध्ये चार डिग्रीच्या आसपास टेम्परेचर धरून ठेवायचं म्हणजे कुणीतरी ते सतत मोजायला पाहिजे, लिहून ठेवायला पाहिजे, वाढलं की मालकाला फोन गेला पाहिजे. ते काम आमचं पॅनेल करतं. आत एक छोटा एआरएम प्रोसेसरचा कॉम्प्युटर बोर्ड, त्यावर लिनक्स, म्हणजे सोर्स खुला असलेली ऑपरेटिंग सिस्टम, आणि आमचं स्वतःचं एक कार्ड ज्याला चेंबरमधून येणारे सेन्सर जोडतात. २०१३ ला सुरू केलं तेव्हा लिनक्स वगैरे काही नव्हतं, साधा मायक्रोकंट्रोलर आणि चार आकडी डिस्प्ले, पण मग शेठ लोकांना मोबाईलवर ग्राफ पाहिजे झाला, तारण कर्ज देणाऱ्यांना रेकॉर्ड पाहिजे झालं, आणि २०१५ पासून आम्ही लिनक्सवर आलो.

सेन्सर पीटी-१०० वापरतो. शून्य डिग्रीला १०० ओहम, पुढे डिग्रीमागे साधारण ०.३८५ ओहम वाढतो. बघा म्हणजे, लांबच्या चेंबरची वायर असेल आणि त्या वायरचाच एक ओहम मध्ये आला तर अडीच डिग्रीची चूक तिथेच झाली, म्हणून तीन वायरचा सेन्सर घ्यायचा आणि वायरचा ओहम वजा करायचा. हे सगळं मोजायला कार्डावर एक एडीसी चिप आहे, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारी, ती एसपीआय नावाच्या जोडणीवर बोर्डाशी बोलते. आणि चिप बोलते ते लिनक्सला कळायला मध्ये ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तिथून आमची खरी गोष्ट सुरू होते.

कर्नल म्हणजे लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, आणि त्या चिपचा ड्रायव्हर तेव्हा लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये नव्हता. आमच्याकडे तेव्हा जो पोरगा होता त्यानं बसून एक लिहिला, चांगला चालला, नंतर तो पुण्याला हिंजवडीत गेला, जाणारच, त्याला दोष नाही. ड्रायव्हर मागे राहिला आणि त्यातल्या कमेंट, कोडमधल्या टिपा, म्हणजे "हे बदलू नये" एवढंच. का बदलू नये ते कुठं लिहिलेलं नाही. बोर्ड ज्या कंपनीकडून घेत होतो तिनं स्वतःचं कर्नल दिलेलं, व्हर्जन ३.१०, आणि ते तिथंच थांबलेलं. आम्हाला काय, चालतंय ना, मग हात कशाला लावा, असंच सगळे करतात.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेला पूर आला. आमचा गाळा तेव्हा नदीकडच्या भागात भाड्यानं होता, पाणी शिरलं, खालच्या रॅकवरचा बोर्डांचा सगळा साठा गेला. पाणी उतरल्यावर चिखल काढला आणि नवीन बोर्ड मागवायला फोन केला तर ते मॉडेलच बंद झालेलं. नवीन मॉडेल होतं, चांगलं होतं, स्वस्त पण होतं, पण त्याच्यावर कर्नल ४.१९ आणि आमचा ड्रायव्हर त्याच्यावर कंपाइलच होईना. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, ऑर्डरी घेतलेल्या, ॲडव्हान्स घेतलेला.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला लागते, बऱ्याच जणांना ती माहीत नसते. लिनक्सवर चालणारं ॲप जुनं असलं तरी नवीन कर्नलवर चालतं, ते मोडायचं नाही हा लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचा कडक नियम आहे. पण कर्नलच्या आतल्या भागाला, म्हणजे ड्रायव्हर ज्या फंक्शनला हाक मारतात त्यांना, असली कसलीही गॅरंटी नाही. ती मुद्दाम दिलेली नाही. कर्नलच्या मोठ्या मेंटेनरांपैकी एक ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी यावर लिहिलेलं एक पान कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे, त्याचा सूर असा की आतला इंटरफेस आम्ही बदलत राहणार, तुमचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये द्या म्हणजे बदलणाराच तुमचा पण बदलून देईल. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. आता मी तेच पान नवीन पोरांना पहिल्या दिवशी वाचायला देतो.

तो हंगाम आम्ही कसाबसा ड्रायव्हर ठोकून ठाकून काढला. मग २०२० ला लॉकडाऊन लागलं, कोल्ड स्टोरेजची कामं सोडली तर बाकी सगळं थंड, आणि तेव्हा ठरवलं की हा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये घालायचा. पार्टनर म्हणाले, "आपला ड्रायव्हर फुकट वाटायचा? उद्या कुणीही घेईल की ओ." प्रश्न बरोबर होता. पण चिप बाजारात कुणालाही मिळते, त्या चिपशी बोलणं हे काय आमचं गुपित नव्हतं, आणि तसंही कर्नल जीपीएल व्हर्जन दोन या लायसन्सवर आहे, त्यात जोडलेला ड्रायव्हर पॅनेलसोबत दिला की मागणाऱ्याला त्याचा सोर्स द्यावाच लागतो. आमचं ॲप वेगळं, ते कर्नलला फक्त सिस्टम कॉलनी, म्हणजे ॲपसाठी ठेवलेल्या ठरलेल्या दारानं, हाक मारतं, त्याला हा नियम लागू नाही आणि ते आम्ही आजही कुणाला देत नाही. पैसा ॲपमध्ये आहे आणि ऐन हंगामात रात्री दोन वाजता तासगावला माणूस पाठवण्यात आहे.

आता डॉक्युमेंटेशनबद्दल, कारण मला वाटलं होतं की सी कोड लिहिला की झालं, आणि निघालं उलटंच. पाठवायच्या कोडपेक्षा त्याच्या सोबतच्या लिखाणावर जास्त वेळ गेला. लिनक्सचा सोर्स आता तीन कोटी ओळींच्या वर आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग नुसते ड्रायव्हर आहेत, जगभरातल्या असल्या नसल्या सगळ्या चिपांचे. एवढ्या पसाऱ्यात कुणाला काय पाठवायचं हे मेंटेनर्स, म्हणजे एकेक भाग सांभाळणारी माणसं, या नावाच्या एका फाईलमध्ये लिहिलंय, आणि गेट-मेंटेनर नावाची स्क्रिप्ट तुमचा बदल बघून नावं काढून देते. चेकपॅच नावाची दुसरी स्क्रिप्ट आधी चुका काढते, टॅब आठ अक्षरांचा, ओळीच्या शेवटी रिकामी जागा नको, असलं सगळं. ईमेल साधा टेक्स्ट पाहिजे, नाहीतर मेलचं सॉफ्टवेअर टॅबचे स्पेस करून टाकतं आणि पॅच, म्हणजे पाठवलेला बदल, लागत नाही. खाली साइन्ड-ऑफ-बाय म्हणून आपलं नाव, म्हणजे हे द्यायचा मला हक्क आहे अशी सही. हे सगळं कर्नलच्या डॉक्युमेंटेशनच्या प्रोसेस फोल्डरमध्ये व्यवस्थित दिलंय, कुणाला फोन करून विचारायची गरज पडली नाही, सांगलीत बसून विचारणार तरी कुणाला.

पण खरी गंमत डिव्हाइस ट्रीची. पूर्वी एआरएमच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच सी कोड लिहायचे, त्याचा इतका पसारा झाला की २०११ ला लिनस त्यावर जाहीर वैतागले आणि मग सगळं हळूहळू डिव्हाइस ट्रीवर गेलं. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा समजा, पण त्यातला फक्त सात. कुठली चिप कुठल्या बसवर म्हणजे जोडणीवर, कुठल्या पत्त्यावर, इंटरप्ट म्हणजे लक्ष वेधणारा सिग्नल कुठल्या पिनवर, सप्लाय कुठून, एवढी नोंद. बारा म्हणजे पिकाची नोंद, ती इथं चालत नाही. आम्ही त्यात आमच्या सोयीनं एक प्रॉपर्टी घातलेली की दर सेकंदाला किती वेळा मोजायचं, आणि रिव्ह्यू करणाऱ्यानं सरळ परत पाठवलं, म्हणे ही हार्डवेअरची माहिती नाही, कसं वापरायचं ते ॲप ठरवेल, इथं फक्त काय जोडलंय ते लिहा. विचार केला तर बरोबरच होतं, कारण तेच कार्ड आम्ही पुढं हळदीच्या गोडाऊनला दिलं तिथं मिनिटाला एकदा मोजलं तरी पुरतं.

प्रत्येक चिपसाठी डिव्हाइस ट्रीत काय काय लिहायचं याचं एक यॅमल नावाच्या साध्या टेक्स्ट फॉरमॅटचं डॉक्युमेंट द्यावं लागतं, त्याला बाइंडिंग म्हणतात, आणि ते ड्रायव्हरच्या आधी, वेगळ्या पॅचमध्ये. मला आवडलेली गोष्ट म्हणजे हे डॉक्युमेंट नुसतं वाचायला नाही, त्याच्यावर टूल चालतं. डॉक्युमेंटमध्ये लिहिलं की ही प्रॉपर्टी लागतेच, आणि डिव्हाइस ट्रीत ती नसली, की चेक करताना एरर येतो. आमच्या आधीच्या सगळ्या मॅन्युअल वर्डमध्ये होत्या आणि त्या खऱ्या आहेत का खोट्या हे साइटवर गेल्यावरच कळायचं.

दुसरी भानगड युनिटची. एडीसीचे ड्रायव्हर कर्नलच्या आयआयओ नावाच्या भागात जातात, आणि तिथं कुठल्या फाईलमधून कुठल्या युनिटमध्ये आकडा निघाला पाहिजे हे एबीआयच्या, म्हणजे कर्नल आणि ॲपमधल्या ठरावाच्या, डॉक्युमेंटमध्ये ठरलेलं आहे. व्होल्टेजचा रॉ आकडा गुणिले स्केल म्हणजे मिलिव्होल्ट. टेम्परेचर असेल तर मिलि-डिग्री सेल्सिअस, म्हणजे चार डिग्रीला ४०००. आमच्या घरगुती ड्रायव्हरमधून मायक्रोव्होल्ट निघायचे, का तर पहिल्या पोराला ते सोपं पडलं. ते बदललं, त्यापायी ॲपमध्ये जिथं जिथं हजारनं भागलेलं ते सगळं शोधून काढावं लागलं, दोन दिवस घरात तोंड वर करून बोललो नाही कुणाशी. पण आता आम्ही एडीसी बदलला तरी ॲपला हात लावायला लागत नाही. चिपांचा तुटवडा पडला होता त्या वर्षी हे फार कामी आलं, मिळेल ती चिप घेतली, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच होता, डिव्हाइस ट्रीत चार ओळी बदलल्या आणि पॅनेल बाहेर पडलं.

ड्रायव्हर डिसेंबर २०२० च्या ५.१० व्हर्जनमध्ये आला. पेढे वाटले, शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्यांना काही केल्या कळेना की नक्की कशाचे.

फायदा लगेच दिसला नाही. २०२२ ला दिसला. एसपीआयच्या ड्रायव्हरमध्ये तो काढताना चालणारं रिमूव्ह नावाचं फंक्शन असतं, ते आधी इंट, म्हणजे एक आकडा, परत द्यायचं, त्या वर्षी ठरलं की काहीच परत द्यायचं नाही. एका जर्मन डेव्हलपरनं सगळ्या कर्नलमधले असले ड्रायव्हर बदलले, त्यात आमचा पण. आम्हाला फक्त ईमेल आला. बाहेर ठेवलेला ड्रायव्हर असता तर पुढच्या वेळी नवीन व्हर्जनवर जाताना परत तेच ठोकून ठाकून काम.

लिहिलेलं वाचायची सवय लागली त्याचा अजून एक उपयोग सांगतो. पॅनेलला कॉम्प्रेसरचे एनर्जी मीटर आरएस-४८५ नावाच्या दोन वायरच्या लाइनवर जोडतो, त्यावरची भाषा मॉडबस. मध्येच कधीतरी रीडिंग गायब व्हायचं. वायरमन म्हणायचा मीटर खराब, मीटरवाला म्हणायचा वायर खराब, शेठ म्हणायचे "काय ओ साहेब, तुमचं यंत्र रात्री झोपतंय का". दोन वायरवर एका वेळी एकालाच बोलता येतं, म्हणून आपण बोलून झालं की लगेच लाइन सोडावी लागते. ही लाइन सोडायचं काम आमचं ॲप करत होतं. ९६०० बॉडच्या वेगाला मीटर चारेक मिलिसेकंदात उत्तर सुरू करू शकतो, आणि बोर्ड त्याच वेळी ग्राफ पाठवण्यात गुंतला असला की ॲपला जाग यायला उशीर, मीटरच्या उत्तराचा पहिला बाइट कापला जायचा. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सीरियल आरएस-४८५ चं पान आहे, त्यात सरळ दिलंय की हे काम ड्रायव्हरकडं द्या, डिव्हाइस ट्रीत अमुक प्रॉपर्टी लिहा. हे पान आमच्या आष्ट्याच्या पोरीनं शोधलं, तेव्हा ती वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजमधून इंटर्नशिपला आलेली. प्रॉपर्टी टाकली, रीडिंग जायचं थांबलं. तिनंच नंतर कर्नलमधल्या एका फंक्शनच्या कमेंटमध्ये एका पॅरामीटरची माहिती राहिलेली बघून तेवढाच पॅच पाठवला, आणि तो लागला. या कमेंट स्लॅश आणि दोन स्टारनं सुरू होतात, त्यातूनच स्फिंक्स नावाचं टूल वाचायची पानं तयार करतं, त्यामुळं कमेंट चुकली की पान पण चुकतं. नवीन माणसाला कर्नलमध्ये शिरायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, ड्रायव्हर लिहायच्या आधी असल्या दोन-चार कमेंट नीट करा, कुणी हसत नाही, उलट मेंटेनर आभार मानतात.

ती आता आमच्याकडंच आहे, आणि वायरमनसाठी मराठी पत्रक तिनं लिहिलंय, पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतो. शील्ड एकाच बाजूला अर्थ करा, आरएस-४८५ च्या दोन्ही टोकांना १२० ओहम लावा, मधल्या मीटरला लावू नका, पीटी-१०० ची तिसरी वायर तोडू नका. शेवटचं मोठ्या अक्षरात, कारण "दोनच पुरतात की" म्हणून तोडणारे लोक आहेत.

सध्याचं काम म्हणजे व्हर्जन. २०२३ ला कर्नलवाल्यांनी सांगितलं की लाँग टर्म व्हर्जनचा सपोर्ट, म्हणजे त्यातल्या चुका दुरुस्त करत राहणं, सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणणार, सांभाळणारी माणसं थकतात आणि जुनं वापरणारे कमी. कोल्ड स्टोरेजचं पॅनेल दहा वर्षं भिंतीवर राहतं, त्यामुळं आम्हाला हे परवडणारं नाही असं पहिल्यांदा वाटलं, पण ड्रायव्हर आतच असल्यानं व्हर्जन बदलणं म्हणजे आता नवीन मेमरी कार्ड टाकून एक रात्र टेस्टिंग एवढंच राहिलंय. ५.१० चा सपोर्ट डिसेंबर २०२६ ला संपतोय. ५.१० वरची सगळी पॅनेल आम्ही ६.१२ वर नेतोय, बेदाण्याची आवक सुरू व्हायच्या आधी. ज्यांची पॅनेल २०२१ नंतरची आहेत त्यांच्याकडं दिवाळीनंतर आमचा माणूस येईल, पॅनेल अर्धा तास बंद राहील, त्या दिवशी चेंबरचं दार उघडं ठेवू नका आणि तुमचा वायरमन हजर ठेवा.