सागवानी इलेक्ट्रिक गिटार : कामाच्या नोंदी

मे अखेर, सोमवार

पारा पंचेचाळिशीला टेकलाय. या हवेत फ्रेटबोर्ड (बोटं फिरतात ती लाकडी पट्टी) आक्रसतो, फ्रेटची (त्यातल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं कडेनं बाहेर येतात आणि तळव्याला कानशीसारखी लागतात. ती आत्ताच घासून घ्यावी. हेच काम पावसाळ्यात केलं, तर पुढच्या एप्रिलात टोकं पुन्हा बाहेर.

बॉडीला चंद्रपूरकडचा साग, जाडी 45 मिमी. जुन्या दाराचा मिळाला तर उत्तमच, वाळायचा तेवढा वाळलेला असतो. फक्त आधी चुंबक फिरवून खिळे शोधावेत, नाहीतर राऊटरचं (लाकूड कोरायच्या मशीनचं) पातं गेलंच समजा. साग तेलकट. फळ्या जोडायच्या अगदी आधी कडा एसीटोननं पुसाव्यात; उशीर झाला की तेल परत वर येतं आणि सांधा कच्चा राहतो. या तेलानं पॉलियुरेथेनही लवकर वाळत नाही, म्हणून खाली मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात. फवारणी मात्र पाऊस लागायच्या आत उरकावी. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पांढरट पडतं.

बुधवार

फ्रेटबोर्डवर पितळी ठिपके. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल कोरणाऱ्या सुताराचा हात या कामाला राऊटरपेक्षा सरस. 6 मिमी पितळी सळईच्या चकत्या, 2 मिमी खोल भोक, चिकटवायला इपॉक्सी. घासताना पितळ तापतं, इपॉक्सी मऊ पडतं आणि चकती उचलली जाते. चार-सहा हात कानस मारून थांबायचं. सागावर पितळ बसवायचं असेल, तर लाखेचा हात आधी. नाहीतर पितळेचा भुगा रेषांमध्ये बसतो आणि नक्षीभोवती काळपट डाग राहतो, तो मग निघत नाही.

शुक्रवार

हार्डवेअर. पैसे आधी हाडाच्या नटला (डोक्याकडची खाचांची पट्टी), मग लॉकिंग ट्युनरला (तार घट्ट धरणाऱ्या खुंट्या), पिकअप (तारेची थरथर टिपणारं चुंबक-कॉइल) शेवटी. खुंटी पिळताना ‘टिंग’ आवाज आला तर तार नटच्या खाचेत अडकतेय, तिथे महागडे ट्युनरही काही करत नाहीत. खाच तारेपेक्षा केसभर रुंद हवी, आत पेन्सिलीचं शिसं. ट्युनरला 10 मिमी भोक लागतं. तयार किटमधलं भोक लहान असेल तर रीमरनं (हातानं फिरवून भोक वाढवायच्या हत्यारानं) वाढवावं; ड्रिल अडकून हेडस्टॉकची (गिटारच्या डोक्याची) ढलपी उडवतं. मोठ्या पॉटचंही (आवाज-टोन कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) तसंच, त्याला साडेनऊ मिमी.

हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) 500 किलो-ओहमचे पॉट, टोनला 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीत, गुणगुण अडवायला, तांब्याची टेप. दोन पट्ट्या एकमेकींना लागल्यात का, ते मल्टीमीटरवर पाहावं. ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या धातूच्या भागाची) अर्थ वायर विसरली की तारेवरून बोट उचलल्यावरही गुणगुण कमी-जास्त होत नाही.

आता मुख्य गोष्ट. ब्रिज अर्थला जोडला म्हणजे सगळ्या तारा अर्थला. घराच्या वायरिंगमध्ये अर्थिंगच नसेल आणि अँपच्या (अँप्लिफायरच्या) पत्र्यात करंट उतरला, तर तो थेट बोटांत येतो. गावात तीन पिनचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकात वायर असेलच असं नाही! कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतावं लागतं. अँप चालू करून गिटारच्या तारेला टेस्टर लावावा. नुसता मिणमिणला तरी गिटार हातात घेऊ नये.

सेटअप : पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यावर तारेखाली 0.2 मिमी फट, बाराव्यावर बारीक तार 1.6 मिमी उंच, जाड 2 मिमी. बाराव्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे. जूनमध्ये हवा बदलली की ट्रस रॉड (गिटारच्या मानेतली सळई) पुन्हा पाहायचा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.