शून्य अर्ज, मग शंभराहून अधिक

मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पांत स्त्रिया कमी का दिसतात, असे विचारले की बहुतेक वेळा "त्यांना या कामात रस नसतो" हे उत्तर मिळते, आणि त्या उत्तराला पुरावा मागावा असे फारसे कोणाला वाटत नाही. पुरावा आहे, पण तो या उत्तराच्या विरोधात जातो. 2006 मध्ये, विद्यार्थ्यांना मानधन देऊन अशा प्रकल्पांत काम करू देणाऱ्या गूगलच्या 'समर ऑफ कोड' या उपक्रमातून, लिनक्स संगणकांचा डेस्कटॉप बनवणाऱ्या जीनोम (GNOME) प्रकल्पाकडे 181 अर्ज आले आणि त्यांत स्त्रीचा एकही नव्हता. तेव्हा हॅना वॉलक आणि ख्रिस बॉल यांनी पुढाकार घेऊन फक्त विद्यार्थिनींसाठी वेगळी योजना जाहीर केली, तर तिला शंभराहून अधिक अर्ज आले. प्रकल्प तोच होता आणि वर्षही तेच. काम करू शकणाऱ्या मुली आधीपासून होत्याच. ही जागा आपलीही आहे, असे त्यांना तोवर कोणी सांगितले नव्हते. पुढे 2010 मध्ये हे काम मरीना झुराखिन्स्काया यांच्या पुढाकाराने नव्याने उभे राहिले आणि आज ते 'आउटरीची' या नावाने चालते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या अमेरिकेतील वार्षिक परिषदेचा अनुभवही याच दिशेने जातो. 2011 मध्ये तिथल्या वक्त्यांत स्त्रिया जेमतेम 1 टक्का होत्या. 2014 मध्ये हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर गेले. त्यासाठी परिषदेच्या आयोजनातील जेसिका मॅकेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका स्त्रीला व्यक्तिशः लिहून "तुम्ही विषय पाठवा" असे सांगितले. हे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ असते, म्हणूनच ते टाळले जाते असे मला वाटते.

मात्र दिसण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील पुल रिक्वेस्टचा, म्हणजे 'माझा हा बदल प्रकल्पात घ्या' अशा विनंत्यांचा, एक मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकंदरीत स्त्रियांचे बदल पुरुषांच्या बदलांपेक्षा थोड्या अधिक प्रमाणात स्वीकारले गेल्याचे आढळले. परंतु प्रकल्पाला अपरिचित असलेल्या स्त्रियांपुरते पाहिले, तर प्रोफाइलवरून त्या स्त्री आहेत हे कळत नव्हते तेव्हा स्वीकृतीचे प्रमाण सुमारे 72 टक्के होते, आणि कळत होते तेव्हा ते 63 टक्क्यांच्या आसपास उतरले. ओळख उघड असलेल्या अपरिचित पुरुषांचे प्रमाणही घसरले, पण स्त्रियांचे अधिक. अशा परिस्थितीत एखादी मुलगी नावाऐवजी आद्याक्षरे लिहीत असेल आणि फोटोच्या जागी एखादे चित्र लावत असेल, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती आपल्या कामाचे रक्षण करत असते. तिने लपू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी उघड नावाने आलेल्या नवख्या स्त्रीच्या कोडशी आपण कसे वागतो, हे तपासले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. कोणाचे काम दिसते, हे आपण काय मोजतो यावर ठरते. कोडच्या ओळी मोजल्या जातात. पण दस्तऐवज लिहिणे, चाचण्या करणे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे सारे त्या मोजणीच्या बाहेर राहते. सॉफ्टवेअरच्या आपल्या मराठी अनुवादांचेही तसेच आहे. मेनूतील एकेक शब्द सुचवणाऱ्या व्यक्तीचे काम अनेकदा समन्वयकाच्या खात्यातून जमा होते आणि इतिहासात नाव उरते ते समन्वयकाचे. आउटरीचीने दस्तऐवजीकरण आणि रचना (डिझाइन) यांनाही कोडइतकेच मानधनाचे काम मानले, हा त्या योजनेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय आहे. मराठी अनुवादाच्या प्रकल्पांत तर त्यासाठी पैसेही लागणार नाहीत: प्रत्येक बदलाच्या नोंदीत, ज्या व्यक्तीने शब्द सुचवला तिचे नाव, तिची हरकत नसेल तर, लेखक म्हणून लिहिता येते. कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात लेखक आणि बदल जमा करणारा यांची नोंद वेगवेगळी ठेवण्याची सोय आहेच.