चौसष्ट माणसांची काउंटी

यादी कुठलीही असो, मी ती खालून वाचायला घेतो. वरचे नंबर सगळ्यांना माहीत असतात, गंमत तळाला असते. अमेरिकेत 3 हजारांच्या वर काउंट्या आहेत (आपला जिल्हा म्हणा नाहीतर तालुका, दोन्ही अर्धंमुर्धं लागू पडतं), त्यांची लोकसंख्येची यादी खालून धरली की 2020 च्या जनगणनेत पहिलंच नाव येतं टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीचं. माणसं 64. आमच्या बिल्डिंगच्या एका विंगमध्ये याहून जास्त लोक राहतात आणि त्यातले निम्मे पार्किंगवरून भांडत असतात. क्षेत्रफळ मात्र साडेसतराशे चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. आणि एवढ्याशा लोकांसाठी कोर्टाची इमारत आहे, जज आहे, शेरीफ (म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख) आहे, क्लार्क आहे, कमिशनर आहेत, सगळा सरंजाम.

नावावरून काहीतरी गुलाबी वाटतं, पण तसलं काही नाही हो. ऑलिव्हर लव्हिंग नावाचा गुरांचा व्यापारी होता, चार्ल्स गुडनाइट या पार्टनरबरोबर टेक्सासची जनावरं पेकोस नदीच्या काठाने हाकत न्यू मेक्सिकोला नेऊन विकायचा. 1867 मध्ये कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या हल्ल्यात जखमी झाला, न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरला पोचला पण जखम चिघळून गेलाच. मरताना म्हणाला मला टेक्सासच्या मातीत पुरा. गुडनाइटने खरंच त्याचं शव शेकडो मैल परत नेलं, पण ते टेक्सासमधल्याच वेदरफोर्ड गावाला, या काउंटीत नाही.

जागा म्हणाल तर टेक्सासच्या पश्चिम टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून. सपाट रखरखीत माळ, काटेरी झुडपं, वर्षाला जेमतेम दहा इंचांच्या आसपास पाऊस, आणि नदी आहे ती पेकोस, तिचं पाणी खारट. मेंटोन हे मुख्य गाव आणि तेच एकमेव गाव. कित्येक वर्षं पिण्याचं पाणी ट्रकने बाहेरून यायचं, नळयोजना आली ती थेट 1980 च्या दशकात. म्हणजे टँकरची वाट बघणं ही काही फक्त आपल्या मराठवाड्याची मक्तेदारी नाही. शाळा होती, ती मुलं नाहीत म्हणून बंद पडली, आता मुलं शेजारच्या काउंटीत विंकला जातात (रॉय ऑर्बिसन हा गायक लहानाचा मोठा झाला ते हेच विंक).

पण मला खरी मजा वाटते ती तिथल्या माणसं मोजण्याची. 1890 च्या जनगणनेत या काउंटीत किती लोक सापडले असतील? 3. बरं, आणि 1893 मध्ये काय झालं तर डेन्व्हरहून आलेल्या एका कालवा कंपनीच्या लोकांनी सरकारकडे अर्ज केला की आमची काउंटी रीतसर चालू करा, त्यावर दीडशे मतदारांच्या सह्या! तीनाचे दीडशे, तीन वर्षांत. मग निवडणूक झाली, मतं पडली, अधिकारी निवडून आले, गावाचे प्लॉट कागदावर पडले, आणि हळूहळू लक्षात आलं की सह्या करणारे बरेचसे लोक इथे नाहीतच. शेवटी 1897 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने काउंटीच बरखास्त केली आणि हा भाग रीव्ह्ज काउंटीला जोडून टाकला. आपल्याकडे मतदारयाद्यांत मेलेले लोक सापडतात, इथे न जन्मलेले सापडले असावेत.

नंतर जमिनी मिळतात म्हणून लोक आले, 1910 ला 249 झाले, मग दुष्काळ पडला आणि 1920 ला उरले 82. तेवढ्यात तेल लागलं. 1931 मध्ये काउंटी पुन्हा रीतसर उभी राहिली, यावेळी खऱ्या माणसांची, 1940 ला 285 पर्यंत मजल गेली, तिथून जी घसरण लागली ती लागलीच. याच काळात 1945 मध्ये एडना रीड क्लेटन ड्यूईज शेरीफ झाल्या, पुढे निवडूनही आल्या, टेक्सासमध्ये निवडून आलेल्या पहिल्या महिला शेरीफ. त्या कमरेला पिस्तूल लावत नसत असं सांगतात, आणि लावून करणार काय, धरायला माणूस तर हवा!

आता मात्र सगळं उलटं झालंय. फ्रॅकिंग (जमिनीखालचा खडक पाणी आणि वाळूच्या दाबाने फोडून तेल काढायचं तंत्र) आल्यापासून हा भाग टेक्सासच्या मोठ्या तेलपट्ट्यात गेला, हायवे 302 वरून दिवसरात्र वाळूचे, पाण्याचे, तेलाचे ट्रक चाललेले असतात, कामगारांच्या तात्पुरत्या वस्त्या आहेत, पण हे सगळे लोक जनगणनेत आपापल्या गावी, जिथे घर तिथे मोजले जातात. म्हणजे 1893 मध्ये माणसं कागदावर होती आणि जागेवर नव्हती, आता जागेवर आहेत आणि कागदावर नाहीत. तेलावरच्या टॅक्समुळे काउंटीच्या तिजोरीत पैसा आहे, त्यामुळे कोणाची गणती इथे धरायची आणि मतदार कोण हा वाद तिथे चेष्टेचा राहत नाही. 2020 च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इथे 66 मतं पडली. लोकसंख्या 64, त्यात लहान मुलं धरून. परगावी राहून नोंदणी इथेच ठेवणारे असतात म्हणून हे होऊ शकतं, पण मेळ लावायला बसलं की डोकं गरगरतं.

आणि त्या 64 वरही फार विसंबू नका. 2020 ला अमेरिकेच्या जनगणना खात्याने लोकांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ केली, राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली, काउंटीच्या आकड्यांना ती सवलत नाही. लाखाच्या काउंटीत चार-पाच इकडेतिकडे झाले तर कोणाला कळतंय, पण लव्हिंगमध्ये तेवढं म्हणजे एक अख्खं कुटुंब.