तुमनं शे

रविवार, रात्र

शुक्रवारपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "सर, ते मनं नही. तुमनं शे." ते माझं नाही, तुमचं आहे.

नववी ब मधला तो पोरगा वर्गात माझ्याशी अहिराणीत कधी बोलत नाही. जपून, पुस्तकातलं मराठी बोलतो. शुक्रवारी चित्रं दोरीवर लावायची होती. मी म्हटलं, तुझंही आण. त्याने बाकावरचा कागद उचलला, माझ्या टेबलावर ठेवला, एवढं बोलला आणि जागेवर जाऊन बसला. आवाज चढवला नाही की तोंड पाडलं नाही. एखाद्याची विसरलेली छत्री परत करावी तसा कागद परत केला. चिमटा माझ्या हातातच राहिला.

झालं होतं ते असं. गुरुवारी स्मरणचित्राचा सराव घेतला. इंटरमिजिएट, म्हणजे सरकारी चित्रकलेची परीक्षा, तीन आठवड्यांवर आली आहे. विषय दिला 'कापूस वेचणीचा हंगाम'. आमच्या गिरणा नदीकाठच्या पोरांना याहून सोपा विषय कोणता द्यायचा? तरी निम्म्या वर्गाने मागे दोन डोंगर काढले आणि मधे उगवता सूर्य. आमच्या शिवारात उभं राहिलं तर असले डोंगर कुठे दिसतात? दरवर्षी हेच सांगतो, दरवर्षी डोंगर येतातच.

याच्या कागदावर डोंगर नव्हते. आकाशही नव्हतं. कागदभर गोल होते. काही मोठे, काही लहान, कुणाला खांद्याची एक वळणदार रेघ, कुणाच्या बाजूला गाठोड्याचा फुगीर आकार. पाय एकालाही नाहीत. मला वाटलं, पोरगा घाईत आहे, माणसं टाळतोय. मानवाकृती अवघड जातात म्हणून गर्दी नुसत्या डोक्यांची दाखवायची, ही पोरांची जुनी पळवाट. मी त्याच्या शेजारी बसलो, त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि "हे बघ" म्हणत वरच्या तिसऱ्या भागात क्षितिजरेषा ओढली. मग समोरच्या चार-पाच गोलांना धड दिलं, हात दिले, पाय दिले. एका बाईला वाकवून बोंडापर्यंत नेली. दहा मिनिटं लागली असतील. चांगलं झालं होतं, खोटं कशाला सांगू. हात अजून चालतो हे बघून मलाच बरं वाटलं होतं.

तो गप्प बघत होता. मी समजलो, शिकतोय.

शुक्रवारी ते वाक्य ऐकल्यावर मी विचारलं, मग तुझं काय होतं? तो म्हणाला, "मी वर होतो." बस. त्यापुढे काही नाही. शेजारच्याने उलगडा केला. दिवाळीच्या सुट्टीत व्यापाऱ्याची गाडी येते, काट्यावर मोजलेला कापूस गाडीत टाकला की तो दाबून बसवायला वर पोरं चढवतात. हा तुडवायला असतो. दिवसभर वरच.

म्हणजे ते गोल डोकीच होती. वरून बघितलेली.

काल सकाळी धाब्यावर, घराच्या सपाट छतावर गेलो. हिने खालून विचारलं, "काय हुयनं?" म्हटलं, काही नाही. कठड्याशी उभा राहून गल्लीत बघत राहिलो. दूधवाला गेला. टोपी, दोन खांदे, सायकलचं हँडल आणि पेडलवर आलटूनपालटून दिसणारी चपलेची टोकं. एक बाई हंडा घेऊन गेली, ती तर निव्वळ हंडाच होती. तशाच बघत्या डोळ्यांनी क्षितिज शोधलं. नव्हतं. ते बघायचं तर मान वर करावी लागते, आणि मान वर केली की गल्ली सुटते. नेत्रपातळी जितकी वर जाईल तितकी क्षितिजरेषा कागदात वर सरकते, आणि नजर खाली झुकवली तर कागदाबाहेर जाते. हे मी यथार्थदर्शनाच्या धड्यात दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. त्या पोराने क्षितिज काढलं नव्हतं कारण ते तिथे नव्हतंच. चित्र शास्त्राने बरोबर होतं. मी चुकीची रेघ ओढली आणि तिला दुरुस्ती म्हटलं.

वाईट याचंही वाटतं की हीच पोरं मागच्या हिवाळ्यात अजिंठ्याला नेली होती. सतराव्या लेण्यात उभं राहून मीच सांगितलं होतं की बघा, इथे एकच क्षितिज नाही. चित्रकाराने एक माणूस समोरून, दुसरा थोडा वरून, घर एका बाजूने आणि त्यातली माणसं दुसऱ्या बाजूने दाखवली आहेत, तरी डोळा कुठे अडखळत नाही. पोरं माना वर करून ऐकत होती. हाही होता त्यात. त्याने ऐकलं असेल आणि मी विसरलो असेन.

तिथलीच दुसरी गोष्ट काल रात्री आठवली आणि मग झोप आली नाही. निजाम सरकारने १९२०च्या सुमारास अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेले पोपडे भिंतीला चिकटवले, ते काम मोलाचं होतं. पण वरून लाखेचं व्हार्निश दिलं. चित्रं टिकावीत, रंग उठून दिसावेत म्हणूनच दिलं. पुढे ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि आपल्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांना कित्येक वर्षं बसून ते काढावं लागलं. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं. मी हे पोरांना हळहळून सांगतो.

मग स्वतःची बाजू घ्यावीशी वाटते. मी तरी काय करू? आठवड्याला जेमतेम दोन तास, त्यातला एक परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर दहावीत ७ गुण वाढतात, ब ला ५, क ला ३. शाळेत माझ्या विषयाला जी काही किंमत आहे ती या आकड्यांमुळे. पालक विचारतात तेही हेच. मोठ्या सरांनी जूनमध्ये काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. परीक्षकासमोर गठ्ठे असतात. कागदभर गोल बघून तो किती वेळ थांबेल? मी त्या पोराचे ७ गुण वाचवत होतो. हे खोटं नाही.

पण पूर्ण खरंही नाही. पेन्सिल हातात घेतली तेव्हा माझ्या डोक्यात त्याचे गुण नव्हते. मला काढायचं होतं.

धुळ्याला ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करत असताना माझ्या एका स्थिरचित्रावर आमच्या सरांनी हात फिरवला होता. तांब्या, कांदे, मागे निळं कापड. त्यांनी तांब्यावर चार फटकारे मारले आणि तांब्या चमकायला लागला. त्या चित्राला बक्षीस मिळालं. आईने चौकट करून आणली. मी ती कधी भिंतीवर लावू दिली नाही, आणि का ते तिला सांगितलंही नाही. आता सांगायला ती

जाऊ दे.

आज दुपारी त्याचा कागद घरी घेऊन बसलो. मी घातलेलं सगळं खोडायला घेतलं. मऊ रबर, हलका हात. शिसं निघालं, पण मी पेन्सिल दाबून चालवली होती. खिडकीच्या तिरप्या उजेडात कागद धरला की क्षितिजाची खाच दिसते. वाकवलेल्या बाईच्या पाठीची खाच दिसते. रंग लावला तर त्या खाचांत जाऊन बसेल. कागद पूर्वीसारखा होणार नाही. दोन तास खटपट केल्यावर हे पटलं आणि मी रबर ठेवून दिलं. ठेवल्यावर, आश्चर्य म्हणजे, थोडं हलकं वाटलं. माझी चूक आहे, ती कागदावर आहे, आणि पोराने ती मला तोंडावर, नीट शब्दांत सांगितली आहे. इतक्या वर्षांत किती जणांच्या कागदावर माझा हात फिरला. त्यांतल्या कुणी सांगितलं नाही. याने सांगितलं. चित्र आपलं केव्हा असतं आणि केव्हा राहत नाही, हे चौदाव्या वर्षी ज्याला कळतं त्याला मी ७ गुणांसाठी काय शिकवणार होतो?

परीक्षेचं काय करायचं ते त्याच्याशीच बोलायला हवं. परीक्षकाला कळेल असं एक आणि स्वतःचं एक, अशी दोन काढायला सांगणं बरोबर आहे का, मला ठरवता येत नाही. कदाचित गाडीचा कठडा आणि खाली लोंबणारी दोरी दाखवली तर बघणाऱ्याला लगेच समजेल की आपण वर आहोत. पण हे मी सुचवायचं की त्याला सापडू द्यायचं? बघा, पुन्हा हात शिवशिवतोय.

खोडून झाल्यावर मात्र ते गोल पहिल्यांदा नीट बघितले. गुरुवारी सगळे सारखे वाटले होते. सारखे नाहीत. एकाला टोपीची शिवण आहे. एकाच्या टाळूवर टक्कल ठेवलंय. एका गोलाला पदराची घडी आहे आणि पदराच्या कडेने बारीक ठिपक्यांची किनार. इतर कुणाच्याही पदराला किनार नाही. पंधरा-वीस डोक्यांत एकाच ठिकाणी पोरगा इतका वेळ थांबला आहे.

तिची आई वेचणीला जाते, की आजी, मला माहीत नाही. त्याची, म्हणायचं होतं. लिहिताना त्या बाईतच अडकलो. मी जिला वाकवली होती ती नेमकी हीच.

उद्या चौथा तास नववी ब. ती कोण, एवढंच विचारायचं आहे.