ट्राम गेली का गं?

आईला डिमेन्शिया आहे हे कळल्यापासून मी तिचं बोलणं वहीत टिपून ठेवायला लागले. त्यातूनच कविता होत गेल्या. डोकं फिरवलं ते एका दिवाळी अंकाच्या कार्यालयाने, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आईचं लहानपण लालबागच्या चाळीतलं, वडील गिरणीत. आता ती आमच्या परळच्या घरी खिडकीशी बसते, पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते आणि विचारते, "ट्राम गेली का गं? बाबा यायचेत." कवितेत हा प्रश्न तीनदा येतो, कारण आई तो पुन्हा पुन्हा विचारते, दर वेळी नव्याने.

प्रूफ आलं त्यात प्रश्न एकदाच, तोही 'ट्राम गेली होती का' असा. फोन केला तर संपादक म्हणाले, "मॅडम, मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली. आणि तीच ओळ परत आली की वाचकाला छपाईची चूक वाटते."

तारीख बरोबर आहे. दादर टीटीतला पहिला टी ट्रामचाच, हे मलाही ठाऊक आहे. पण आईची ट्राम चालू आहे! अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, सुरुवातीलाच बिघडतो, नवं काही साठत नाही. सकाळचा चहा पुसला जातो, लहानपण मात्र बराच काळ टिकतं. हे सगळं भूतकाळात ढकललं तर कविता आईची राहत नाही, आपल्या हळहळीची होते.

हेच मेलवर लिहिलं. उत्तर नाही. फोन केला तर संपादक प्रेसवर, प्रेसवर विचारलं तर फाइल डीटीपीवाल्याकडे, आणि तो म्हणे वरून सांगितल्याशिवाय काना-मात्रा हलवणार नाही. गणपती आले, गेले. शेवटी कार्यालयातच जाऊन बसले आणि संपादकांसमोर कविता मोठ्याने वाचली, आईसारखी थांबत थांबत. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा त्यांनी प्रूफ ओढून घेतलं आणि समासात लिहिलं, 'मूळप्रमाणे ठेवा'. तिथेच रडू आलं मला.

म्हणून सांगते, कविता पाठवतानाच चिठ्ठी जोडा: पुनरावृत्ती मुद्दाम आहे, काळ बदलू नये. लिहायला दुपारी बसा. दिवेलागणीला गोंधळ वाढतो, आई "मला घरी सोड" म्हणत दाराशी जाते, तेव्हा वही मिटायची आणि तिच्याजवळ बसायचं. 'आठवतं का?' हे तर विचारूच नका, परीक्षा घेतल्यासारखं वाटून माणूस गप्प होतो. त्यापेक्षा हाताला काम द्या. सुपात तांदूळ निवडायला दिले की आई आपसूक ओव्या म्हणते. शब्द अडतात, चाल अडत नाही.

आणि हो, ज्या माणसावर कविता आहे त्याचं नाव छापायचं का, हे त्याला समजतंय तोवरच विचारून घ्या. आईला मी विचारलं होतं. "घाल की," म्हणाली, "पण माहेरचं घाल." तसंच छापून आलंय.