पाहुणे गवत

"हे गवत पाहुणे आहे, उन्हाळा लागला की जाईल," असे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या पाम डेझर्ट गावी गोल्फ मैदानावर पाण्याची तोटी दुरुस्त करणारा माळी सहज म्हणाला आणि ह्यांचा फटका बघायचा सोडून मी पायाखाली पाहू लागले.

मुळातले बर्म्युडा गवत थंडीत पिवळे पडते, म्हणून दर शरदात मैदान काही आठवडे बंद ठेवून त्यावर थंडीत हिरवे राहणारे रायगवत पेरतात आणि ते रुजेपर्यंत दिवसातून अनेकदा भिजवतात. तेही वर्षाकाठी जेमतेम तीन ते पाच इंच पावसाच्या, तरीही शंभराहून अधिक गोल्फ मैदाने असलेल्या इथल्या कोअचेला खोऱ्यात, जिथे कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे १२० मैल लांबीच्या कालव्यातून येते.

"सुट्टीत पाण्याचा हिशेब कशाला?" असे ह्यांनी विचारले. (स्वतःचा स्कोअर मात्र चोख मांडत होते.)

पिवळ्या गवतावरही चेंडू उत्तम धावतो म्हणे. मग पैसे मोजून आलेले आम्ही त्यावर खेळलो नसतो का?